माझं पाणी संपलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी, आतून पोकळ वीट आहे. खडूसारखी ठिसूळ. हातात घेतलंत तर म्हणाल, ही काय कामाची? पण एके काळी मी ढगांवरून हिंडले आहे, बरं का.

विमानाच्या शेपटीत एक पोलादी पेटी असते. वैमानिक जे बोलतात ते तिच्यातल्या फितीवर उमटत राहतं. त्या फितीभोवती मला बसवलं होतं. मला घडवताना कारागिरांनी माझ्या कणाकणात पाणी बांधून ठेवलं. आग लागली की ते वाफ होऊन जायचं, आणि ते संपेपर्यंत फीत गार राहायची. एवढंच माझं काम, तेही आयुष्यात एकदाच.

ती वेळ एकाहत्तरच्या उन्हाळ्यात आली. पहूरजवळच्या माळावर आमचं विमान पडलं आणि पेटलं. मी माझं सगळं पाणी देऊन टाकलं. पेटीचं झाकण वाकून अडकलं होतं, म्हणून अपघाताच्या चौकशीला आलेल्या साहेबांनी जामनेरहून रमजानभाऊंना बोलावलं. ते पत्र्याच्या पेट्या बनवत. त्यांनी छिन्नीने झाकण तोडलं. फीत जशीच्या तशी निघाली.

"बठ्ठं इमान जयनं, नि हाई फीत गार कशी शे?" बघायला आलेला सुकदेव म्हणाला. सगळं विमान जळालं तरी फीत गार, याचं त्याला नवल वाटलं.

"या विटेची करामत, दुसरं काय," रमजानभाऊ मला थोपटत म्हणाले.

साहेबांनी फीत नेली आणि मला भाऊंना देऊन टाकलं. भाऊंनी माझ्या मापाची पत्र्याची पेटी केली आणि माझ्या पोटात घरातली सर्वांत जपायची वस्तू ठेवली. त्यांच्या वारलेल्या बायकोचा, खातूनचा, एकुलता एक फोटो. आई गेली तेव्हा त्यांची मुलगी मुमताज दोन वर्षांची होती. आईचा चेहरा तिला त्या फोटोतूनच ठाऊक.

बाजाराच्या दिवशी लोक मला बघायला येत. खरं सांगते, मला आनंद होत नसे. मला सांगायचं होतं की मी आता कोरडी आहे. पण विटेला तोंड कुठलं?

"अब्बा, हिचा भुगा पडतोय बघा," मुमताज एकदा म्हणाली.

"विमानातून पडलीय ती. तू पडली असतीस तर तुझाही पडला असता," भाऊ हसले.

दोन वर्षांनी, कापसाच्या मोसमात, शेजारच्या वखारीतल्या गाठी भर दुपारी पेटल्या. घर रिकामं करायला वेळ होता. बकरी काढली, भांडी काढली. मुमताज माझ्याकडे वळली.

"ती राहू दे," भाऊंनी तिचा दंड धरला. "ती जळत नाही. शिलाई मशीन उचल."

तिने मशीन उचललं.

संध्याकाळी जळालेल्या घरात जाऊन भाऊंनी पेटी उघडली. मी शाबूत होते. माझ्या पोटात चिमूटभर काळी राख होती.

मुमताजने विचारलं, "अब्बा, अम्मीच्या हनुवटीवरचा तीळ कुठल्या बाजूला होता?"

"डावीकडे," भाऊ म्हणाले. मग थांबून म्हणाले, "नाही. उजवीकडे असेल."

मित्रांनो, आता मी त्यांच्या मोरीजवळ पडून आहे. कोणी मला रागावत नाही, त्याचंच वाईट वाटतं. एकच मागणं आहे. ज्याने एकदा तुमच्यासाठी सगळं देऊन टाकलं, त्याच्यावर पुन्हा भार टाकण्याआधी त्याच्यात काही उरलंय का ते बघा. आणि आग लागली तर जिवाभावाचं आहे ते आधी स्वतःच्या हाताने उचला.

मुमताज अजून त्याच मशीनवर शिवते. मधेच पाय थांबवते आणि बोटाने स्वतःची हनुवटी चाचपते, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.