उघाडीची फळी

ठमाबाईने ओंजळभर चिखल आणून पंचांच्या पुढ्यात टाकला. सकाळी या चिखलाच्या जागी मीठ होतं. कळव्याच्या मिठागरातलं, अख्ख्या गावाच्या घामाचं, उद्या ओढायचं मीठ. अमावास्येची दुपारची भरती उघाडीतून आत घुसली आणि उन्हाळाभराची कमाई खाडीला मिळाली. उघाडी म्हणजे बांधातलं दार. पाणी चढायच्या आत त्यात जाड फळी सोडायची, एवढंच काम. ते आजापणज्यापासून धाकूच्या घराकडे होतं.

पंच म्हणजे पाच म्हातारे आणि मुकादम दौलत. दौलतचं धोतर पांढरंफेक होतं, कारण त्याने मिठात पाय कधी घातलाच नव्हता. त्यानेच विचारलं, उघाडीवर कोण होतं.

बायकांच्या घोळक्यात धाकूची बायको हौसा उभी होती. नवरा तापाने फणफणला होता म्हणून फळी सोडायला तीच गेली होती, उपाशीपोटी. आणि भरतीच्या वेळी ती मुकादमाच्या झोपडीत होती. खाडीवर आगगाडीचा पूल होऊन तीसेक वर्षं झाली, पण हौसा गाडीत कधी बसली नव्हती. दौलत तिला गाडीतून कल्याणला नेणार होता. दोन उन्हाळे नेणारच होता. वेळ झाली म्हणून ती उठली, तेव्हा तो म्हणाला, बस गं, खाडी कुठे पळून जाते. ती बसली. तिलाही बसायचं होतं.

आता तो तिच्याकडे बघत नव्हता.

“मी व्हतो,” धाकू म्हणाला. तो घोंगडी लपेटून बसला होता. दात वाजत होते.

“ताप आलता तर बायको मेली व्हती काय तुझी?” ठमाबाई म्हणाली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“ती घरात व्हती. उघाडीवर मी व्हतो. फळी मी नाय सोडली.”

हौसाला वाटलं, आता तरी दौलत बोलेल. माणूस आजारी आहे, एवढं तरी. दौलतने घसा साफ केला. उघाडी इमानाचं काम आहे, तो म्हणाला, या घराकडून ती काढून घ्यावी. इमान हा शब्द त्याच्या तोंडातून कुठेही न अडखळता बाहेर आला. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. गरिबाचा मान असाच जातो, चार माना हलतात आणि जातो.

हौसा घोळक्यातून पुढे आली. तिचे ओठ उघडलेच होते.

“मला उठव गं,” धाकूने हात वर केला. “पायात जीव नाय ऱ्हायला.”

तिने त्याला उठवलं. घरापर्यंत तो तिच्या खांद्यावर भार टाकून चालला.

तिने त्याला निजवलं आणि कपाळावर ओलं फडकं ठेवलं. मग तिच्याने राहवेना.

“तुमी खोटं कशाला बोललात?”

“तू घरात व्हतीस, एवढंच खोटं.”

तिचा हात फडक्यावरच थांबला.

“गाडगं बांधावर ऱ्हायलंय,” तो म्हणाला. “अंधार पडायच्या आत आण. नायतर कुत्री तोंड लावतील.”

“कसलं गाडगं?”

“पेजेचं. उपाशी गेलतीस तू.”

चुलीतलं लाकूड ढासळलं. ते आत सारायला ती उठली नाही.

“मंग फळी तुमी का नाय सोडली?” तिने खाली बघत विचारलं.

धाकूने भिंतीकडे तोंड केलं.

“फळी पडली की लई आवाज व्हतो,” तो म्हणाला. “पार झोपडीपर्यंत.”

बांधावर दौलत उभा होता. तिला येताना पाहून तो नेहमीसारखा हळूच खाकरला. वाटेत खुंट असावा तशी ती त्याला वळसा घालून पुढे गेली.

गाडगं उघाडीच्या दगडाला टेकवून ठेवलेलं होतं. वर पान, पानावर धोंडा. पाणी एवढं चढलं तरी ते जागचं हललं नव्हतं. तिने पान काढलं. पेजेत खाडी शिरली होती. हौसा तिथेच बसली आणि ती खारट पेज प्यायली, तळाची शितंसुद्धा.

मग ती उठली. उघाडी आता त्यांची नव्हती. तिने दोन्ही हातांनी फळी उचलली आणि सोडली.

आवाज पार घरापर्यंत गेला.