अकरा खाचांचा चाकू

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. पातं बोटभर, मूठ लाकडी. सध्या माझा मुक्काम दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत आहे. खाली पितळी पट्टी ठोकली आहे: 'अकरा शत्रू टिपणाऱ्या वीराचे शस्त्र'. ती वाचली की माझा जीव नुसता चडफडतो. साफ खोटं आहे हो ते!

कारखान्यातून निघालो तो थेट फौजेत, एका तारवाल्याच्या खिशात गेलो. या घरचे आजोबा ते. तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे. आघाडीवर टेलिफोनच्या तारा सारख्या तुटायच्या. आजोबा चिखलातून रांगत जायचे, तुटलेली टोकं शोधायचे, माझ्या पात्याने त्यांचं रबर सोलायचे आणि तार जोडायचे. मग फोन कानाला लावून विचारायचे, "बोला, कोण?" पलीकडून आवाज आला की स्वारी खूश! डोक्यावरून गोळे जात असताना जोडलेल्या प्रत्येक तारेसाठी त्यांनी माझ्या मुठीवर एक खाच पाडली. अशा अकरा. बंदूक पाठीवर असायची, पण सरावाबाहेर ती कधी चाललीच नाही.

निवृत्तीनंतर मी पेन्सिली तासल्या, पार्सलांचे दोरे कापले. आजोबांना मात्र खाचांविषयी सांगायचं असायचं. जेवताना विषय काढला की मुलगा म्हणायचा, "बाबा, उद्या सांगा ना. आज डोकं उठलंय." गेल्या महिन्यात आजोबा गेले.

परवा त्यांच्या गौरवाची सभा झाली. मुलाने मला उंच धरून अकरा शत्रूंची गोष्ट ठोकून दिली. टाळ्याच टाळ्या! पुढच्या खुर्चीतून आजी म्हणाल्या, "अरे, त्यांना घरातला उंदीर मारवत नव्हता! पिंजरा लांब नेऊन सोडून यायचे. तारा जोडायचे ते, तारा!"

"आई, हळू. लोकं बसलीत."

मी तिथेच त्याच्या हातात. काय करणार, कप्पाळ?

दुसऱ्या दिवशी नातीने पेटी उघडून मला आजीच्या मांडीवर ठेवलं. "आजी, ही खाच कसली गं?"

"ही ना? ही तार जोडल्यावर गेलेल्या फोनमुळे नदीपलीकडच्या जखमींना गाडी मिळाली."

एकेका गोष्टीगणिक आजींचं बोट पुढे सरकत गेलं आणि चौथ्या खाचेवर थांबलं.

"पुढच्या?"

"नाही गं माहीत. मला वाटायचं, तुझा बाबा विचारेल."

बाबा दारातच उभा होता. "आई, पट्टी बदलून आणतो," तो कसाबसा म्हणाला.

"आण. पण लिहिशील काय?"

तो जवळ आला आणि त्याने पाचव्या खाचेवर बोट ठेवलं.

उरलेल्या सात खाचा मला तोंडपाठ आहेत. तो चिखल, आजोबांचा धापा टाकणारा श्वास, पलीकडून आलेला शब्द न् शब्द. पण मला पातं मिळालं, जीभ नाही. मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस अजून बोलतंय ना? मग आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. माझ्यावर गंज चढला तर चढू दे. मला नंतर पुसा.