आठव्या मजल्यावरची पाचर

मित्रांनो, मला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. मी नाशिकच्या एका टेलिफोन एक्सचेंजमधला जुना सिलेक्टर आहे. तुम्ही डायल फिरवला की पहिला आकडा माझ्याकडे येई. दोन आला की माझ्या अंगातल्या तारांचे दोन मजले चढायचे, पाच आला की पाच, आणि तिथली मोकळी तार गाठून द्यायची. दिवसभर नुसती खडखड! पण फोन लागला की लोक यंत्राला दुवा देत, आणि मी सुखावत असे.

१९८१ साली अंबडच्या कारखान्यांसाठी नवं एक्सचेंज झालं. आठने सुरू होणारे नंबर तिकडे धाडायचे ठरले. आमच्या आठव्या मजल्यावर तारा आधीच जोडल्या, पण मुहूर्तापर्यंत वाट बंद राहावी म्हणून प्रत्येक सिलेक्टरमध्ये एक पाचर खोचली. मुहूर्ताला रंगनाथ मेकॅनिकने त्या भराभर उपसल्या. मोजताना एक कमी भरली. साहेब हार घेऊन दारात उभे, तेव्हा त्याने खिशातली कोरी पाचर डब्यात टाकून संख्या जुळवली. राहिलेली पाचर माझ्यात होती.

तिसऱ्या दिवशी लहानूशेठच्या दुकानातून यशोदाबाई नावाच्या शिक्षिका अंबडला फोन लावू लागल्या. त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती आणि तिला तिथल्या कारखान्यात असलेल्या आपल्या मुलाला, जयरामला, पाहायचं होतं. दुकानाची तार आधी माझ्याकडेच यायची. आठ आला. मी चढलो, पण पुढे सगळं मुकं. पुन्हा आठ. सात वेळा चढलो. जीव तळमळत होता, पण सांगणार कुणाला?

बाई तडक एक्सचेंजमध्ये आल्या. रंगनाथने आपल्या फोनवरून अंबड एक्सचेंजचा चाचणीचा नंबर लावला. तो दुसऱ्या सिलेक्टरकडून गेला आणि लगेच लागला. दुकानाचाच फोन बिघडला असेल, असं तो म्हणाला.

"मग तिथून बाकीचे नंबर कसे लागतात?" बाईंनी विचारलं.

रंगनाथला ती कमी भरलेली पाचर आठवली. "चूक माझी आहे, ताई. थांबा."

बॅटरी घेऊन तो एकेकाला तपासत माझ्यापाशी आला, पाचर ओढून काढली आणि तिथूनच जयरामला फोन लावून दिला. जयराम सायकल हाणत घरी पोचला. आईचे डोळे मिटून पाव तास झाला होता.

त्या दिवशी बिघाडाच्या वहीत रंगनाथने स्वतःचं नाव लिहिलं. आता नवी यंत्रं आली आहेत आणि मी भंगाराच्या कोपऱ्यात पडून आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणी अडचण सांगत आलं, तर आपल्या जागेवरून निकाल देऊ नका. उठा, त्याच्या जागेवर जाऊन पाहा. त्या पाव तासाची तळमळ मला अजून सुटलेली नाही.