एकतीस नंबरची चकती

“चार दिवस झाले, होवार्ड. तुझ्या बायकोच्या तोंडून मी ‘मीठ द्या’ एवढंच ऐकलंय. लग्न करून बायको आणलीस की सुकवलेला कॉड मासा?”

गुडवाइगबाईंनी हे लेकाच्या कानात सांगितलं, पण कुजबुजणं त्यांना कधी जमलंच नाही. जिन्याच्या वळणावर त्यांची नवी सून ओड्नी बुटांचे बंद बांधत होती. तिने सगळं ऐकलं आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली. मीही ऐकलं. मी समोरच लटकत होते.

मी एक पितळी चकती बोलतेय. बर्गेन शहरातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझी एक बाजू घासून पिवळीधमक केली, दुसरी लाल रंगवली आणि पोटावर ३१ आकडा ठोकला. अशा आम्ही ऐंशी जणी ‘हावब्रिस’ जहाजाच्या दारापाशी एका फळ्यावर नांदायला गेलो.

काम सोपं होतं. जहाज उत्तरेच्या किनाऱ्याने बंदरं घेत जायचं. प्रवासी फिरायला उतरला की स्वतःची चकती लाल करायचा, परतला की पिवळी. फळा सगळा पिवळा झाला की जहाज हलायचं.

चौदा वर्षांत मला किती बोटं लागली! ओल्या हातमोज्यातली, लोणी लागलेली. किनाऱ्यावरचे उंच कडे बघून डोळ्यांत पाणी आणणारी माणसं परतताना कॉफी थंड होईल म्हणून एकमेकांना कोपरं मारतात, हे मी रोज पाहिलं.

त्या उन्हाळ्यात मी आस्लाक यांच्या वाट्याला आले. सत्तरीचे, गुडवाइगबाईंचे यजमान. छत्तीस वर्षं बाई त्यांच्या माशातले काटे काढून देत होत्या. “ह्यांना कॉफी पातळ लागते,” असं त्या वाढप्याला सांगायच्या, तेव्हा ‘हे’ शेजारीच उभे असायचे. त्यात दुष्टपणा नव्हता. नुसती सवय होती.

पाचव्या दिवशी जहाज स्कार्वया बेटासमोर थांबलं. तिथे एकेकाळी कोळ्यांची वस्ती होती. आता एक चर्च, थडगी आणि पक्षी. लहान होड्यांतून जायचं होतं. आस्लाक यांनी मला लाल केलं आणि हळूच ओड्नीकडे वळले.

“पोरी, चर्चच्या मागे माझ्या धाकट्या भावाचा दगड आहे. बुडाला तेव्हा सोळाचा होता. हिला काही सांगू नकोस, ‘जुनं कशाला उकरता’ म्हणेल. तू सांगणार नाहीस, म्हणून तुलाच सांगतोय.”

ओड्नीने मान हलवली.

तीनच्या सुमाराला धुकं उतरलं. होड्या घाईघाईने परतल्या. फळ्यापाशी ओल्या कोटांची रेटारेटी झाली, वरच्या उपाहारगृहातून गरम, गोड वॅफलचा वास येत होता. गुडवाइगबाई गर्दीत घुसल्या आणि एका दमात एकतीस, बत्तीस, तेहेतीस, चौतीस, चारही चकत्या फिरवून मोकळ्या झाल्या. “आमचे सगळे आले हो. चला पुढे, वॅफल संपतील.” त्यांना वाटलं, हे पहिल्या होडीने येऊन रोजच्यासारखे आडवे झाले असतील. चौतीस नंबर ओड्नीचा होता. ती त्यांच्या मागेच उभी होती.

माझ्या माणसाचे बूट अजून बेटावर होते आणि मी मात्र चकाकत होते. तोंड असतं तर ओरडले असते.

ओड्नीने मला पिवळी पाहिलं, सासूने त्यांना आलेलं बघितलं असेल असं धरलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. वर टेबलाशी एक खुर्ची रिकामीच राहिली. “झोपलेत,” बाई म्हणाल्या. अर्ध्या तासाने इंजिनाची घरघर सुरू झाली, तशी ओड्नी उठली. सासऱ्यांच्या खोलीत जाऊन आली. पांघरुणाला सुरकुतीही नव्हती.

“माझे सासरे आले नाहीत,” ती दारावरच्या अधिकाऱ्याला म्हणाली.

“अहो बाई, एकतीस पिवळी आहे. फळा खोटं बोलत नाही.”

चौदा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या चमकीची लाज वाटली. ओड्नीने मला खिळ्यावरून उपसलं आणि लाल बाजू वर करून त्याच्यासमोर आपटलं.

“आता बघा.”

जहाज थांबलं. चर्चच्या मागे शोधा, असं ओड्नीने सांगितलं आणि होड्या परत बेटाकडे गेल्या. धुक्यात दोन तास शिट्ट्या वाजत होत्या. आस्लाक सापडले ते भावाच्या दगडाला टेकलेले, ओठ निळे पडलेले. ओल्या गवतावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. हाका मारून घसा बसला होता.

त्यानंतर मी फळ्यावर परत गेले नाही. आता मी आस्लाक यांच्या घरी, बाहेरच्या दाराशी टांगलेली असते. कुबडी सावरत ते बाहेर पडतात तेव्हा मला लाल करतात, परतले की पिवळी. कधी मी त्यांच्या बोटांतून दोनदा निसटते. गुडवाइगबाई ओठ घट्ट मिटून उभ्या राहतात. मदतीला येत नाहीत.

तुम्ही कधी अशा जहाजावर चढलात, तर शेजाऱ्याच्या चकतीला हात लावू नका, एवढंच माझं मागणं.

एक सांगायचं राहिलं. हामरफेस्ट गावच्या इस्पितळात मी ओड्नीच्या मुठीत होते. आत आस्लाक यांच्यावर शस्त्रक्रिया चालली होती आणि बाहेर गुडवाइगबाई तिच्यावर तुटून पडल्या होत्या. “तुला ठाऊक होतं ते कुठे गेले! तरी गप्प बसलीस!” होवार्ड “जाऊ दे ना, आई,” म्हणत जमिनीकडे बघत होता. ओड्नीने मूठ उघडली, मला त्या दोघांसमोर धरलं आणि मोठ्याने म्हणाली:

“हो, मला ठाऊक होतं. आणि पिवळी चकती बघून मी अर्धा तास वॅफल खात बसले, ती चूक माझी. पण आई, ती पिवळी तुम्ही केलीत. माझीही केलीत, मी तुमच्या मागे उभी असताना. यापुढे माझी मी फिरवीन. आणि बाबा उठले की त्यांची त्यांना फिरवू द्या. कितीही वेळ लागला तरी.”