पलीकडच्या गावाला विचारलंत का?

त्या दिवशीही बाबांनी तोच प्रश्न विचारला, आणि अजाराला आंब्याच्या खोडावर डोकं आपटावंसं वाटलं.

सभा नेहमीप्रमाणे आंब्याखाली भरली होती. शहरातल्या प्रयोगशाळेचे सावादोगो साहेब फ्रेंचमध्ये बोलायचे, अजारा ते गावाच्या भाषेत सांगायची. तिथे घडवलेले डास गावात सोडायचे, म्हणजे पुढेमागे हिवतापाच्या डासांची जातच विरत जाईल, असं ते काम. हिवतापाने मूल नेलं नाही असं घर गावात नव्हतं. अजाराचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता.

"आम्ही हो म्हटलं," बाबा म्हणाले. "पण डास आमच्या वेशीवर थांबणार नाही. पलीकडच्या गावाला विचारलंत का?"

"हे पहिले सगळे नर आहेत," साहेब म्हणाले. " चावत नाहीत, त्यांची पैदासही होणार नाही. मागेच समजावलंय."

"आणि पुढे ज्यांची होईल, ते?"

"त्यांचं तेव्हा बघू."

अजाराने हे सगळं इकडून तिकडे पोचवलं, नेहमीसारखंच.

घरी जेवताना तिने ज्वारीच्या घाट्याचा घास भेंडीच्या कालवणात असा बुडवला की शिंतोडे उडाले.

"बाबा, किती वेळा तेच ते? तुम्हाला डास हवेत का?"

"छे! सगळे मेले तर नाचेन मी."

"मग?"

"उत्तर मिळालं की गप्प बसेन. पण तुझं काय मत आहे, पोरी?"

"माझं काम नुसतं सांगायचं."

"मडकंसुद्धा पाण्याला आपली चव देतं की गं," म्हणत बाबांनी हात धुतले.

तिने वाडगा आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शेतात कोसळले. घरी आणले तेव्हा अंग गार पडलं होतं.

दाऊदा सिदिबे येणार, हे ठरलेलंच. तो फुलानी गुराखी, बाबा बोबो शेतकरी. दोन्ही जमातींचं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. जिवंतपणी एकमेकांना गुलाम म्हणायचं, आणि कुणी मेला की त्याच्या दारात त्याची नक्कल करायची. दाऊदाने बाबांची टोपी घातली, त्यांची काठी टेकत अंगणात आला आणि त्यांच्यासारखाच घसा खाकरला.

"ए साहेब! हे बोबो, माझे गुलाम. बिअर पाजली की कशालाही हो म्हणतात. पण पलीकडच्या गावाला विचारलंत का?"

बायका रडता रडता हसायला लागल्या. समाचाराला आलेले सावादोगो साहेब अजाराकडे वाकले. "काय म्हणतोय?"

तिने सांगितलं.

"अरेरे, तोच प्रश्न!" साहेब हळूच हसले. "फार गोड माणूस होते तुमचे वडील. सभेत त्यांची आठवण येईल."

आठवण! अजाराच्या मस्तकात तिडीक गेली. प्रश्नाला उत्तर द्यायचं सोडून नुसती आठवण काढणार होते हे!

ती उठली. या वेळी ती गावाच्या भाषेत बोलली, आत चटईवर निजलेल्या बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात. साहेब भाषांतराची वाट पाहत राहिले.

"बाबा, मलाही डास नकोत. माझा भाऊ नेला त्यांनी. पण माझं मत विचारलं होतं ना तुम्ही? तुम्ही बरोबर विचारत होता. आता मी विचारणार, दर सभेत, उत्तर मिळेपर्यंत."