पाचवा खटका

कमळाकर टेबलाखाली गुडघ्यांवर वाकले होते. एका हातात विजेरी, दुसऱ्यात भिंग, आणि नाकात तापलेल्या प्लास्टिकचा तो गोडसर, ओकारी आणणारा वास. मोडेम त्यांनी पाठमोरा करून फरशीवर ठेवला होता. खंडेनवमीला सुनेनं, नम्रतानं, त्याची पूजा केली होती. तेव्हाचं हळदकुंकू त्याच्या पाठीला तेलकट थर होऊन चिकटलं होतं, आणि जाळीत झेंडूची एक काळी पडलेली पाकळी अडकली होती. त्याला पुन्हा बोट लावायचीही शिसारी येत होती. शिवाय, लावू का नको, हा प्रश्न होताच. "बाबा, याला हात लावायचा नाही," असं मुलानं, प्रणितनं, आणल्या दिवशीच बजावलं होतं.

पण सकाळी पेणच्या बाजारात याकूब भेटला होता.

याकूबचं रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमी गावात, फोनचं बूथ. कमळाकरांची थोरली बहीण हौसा त्याच गल्लीत एकटी राहायची आणि दर बुधवारी दुपारी त्याच्या बूथवरून भावाला फोन करायची. गेले सहा बुधवार तिचा फोन आला नव्हता. रागावली असेल, असं कमळाकर समजले होते. ती कशावर रागावली असेल, हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं.

"आज पन नाय यायचा त्यांचा फोन," याकूब म्हणाला. "परवा डोल्याचं ऑपरेशन झालं. तुम्हाला ठाव नाय?"

"मला कोणी कळवलंच नाही."

"कळवलं नाय? अवो, सहा बुधवार लावतात. तुमचा फोन उचलला जातो नि किंचाळाय लागतो. मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यागत. मी म्हटलं, बाय, ठेवा आता. तर म्हनायच्या, थांब जरा, मागून येल तो."

कमळाकर पिशवीतली भाजी तशीच ओट्यावर टाकून या खोलीत आले होते.

मोडेमच्या पाठीला चार जागा होत्या. एकीत विजेची तार, एकीत संगणकाकडे जाणारी जाडजूड तार. उरलेल्या दोन अगदी सारख्या, चौकोनी, टेलिफोनच्या. एकीवर 'लाइन' लिहिलं होतं, दुसरीवर 'फोन'. भिंतीतून आलेली तार पहिलीत शिरत होती आणि दुसरीतून निघून बाहेरच्या खोलीतल्या फोनकडे जात होती. म्हणजे घरात येणारा प्रत्येक फोन आधी या डबीच्या पोटातून जायचा. दर बुधवारी फोन एकदाच वाजून बंद पडायचा आणि आतल्या खोलीत काहीतरी चिरकायचं. "ते इंटरनेटचं असतं, बाबा," असं नम्रतानं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते मान हलवून मानलं होतं. शाळेच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. छापलेलं आणि ठामपणे सांगितलेलं त्यांना नेहमीच खरं वाटायचं.

तारांच्या शेजारी एक फट होती. तीत तांदळाच्या दाण्याएवढे आठ पांढरे खटके ओळीनं बसलेले. सात वर होते. पाचवा खाली.

त्यांनी माहितीपुस्तिका उघडली. इंग्रजी अवघड होतं, शब्दकोश लागला. पाचवा खटका वर असेल तर आलेला फोन मोडेम घेणार नाही. खाली असेल तर पहिल्याच घंटीला आपण होऊन उचलेल आणि पलीकडेही मोडेमच आहे असं समजून त्याच्या आवाजात बोलू लागेल. कारखान्यातून येताना तो वरच असतो. या ओळीसमोर पेन्सिलीनं, प्रणितच्या सुबक अक्षरात, एकच शब्द लिहिला होता: बुधवार.

कमळाकरांच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. न्हाणीघरात जाऊन त्यांनी चूळ भरली, हात साबणानं दोनदा धुतले.

प्रणित कंपनीतून संध्याकाळी सहाला आला. कमळाकरांनी दिवसभर घोकलेलं वाक्य त्याचे बूट निघायच्या आतच तोंडातून पडलं.

"पाचवा खटका तू खाली केलास?"

प्रणितनं नम्रताकडे पाहिलं. नम्रता म्हणाली, "चहा टाकते."

"तुम्ही उघडलंत ते?"

"मी विचारतोय ते सांग."

"हो, मीच केला." त्याचा आवाज अजिबात चढला नाही. "बुधवारी सकाळी खाली करतो, संध्याकाळी वर. बाकीच्या दिवशी कुणाचा फोन अडत नाही."

"आत्या आहे ती तुझी."

"तुम्हीच म्हणालात ना, बाबा. गणपतीनंतर. पेपर आपटून म्हणालात, दर बुधवारी तेच दळण, पाऊस किती नि डोळा किती, कुणीतरी बंद करा हे. तुमच्याच्यानं तिला सांगवत नव्हतं. मग मी असं केलं. कुणाला वाईट बोलावं लागलं नाही, कुणाचं मन मोडलं नाही."

कमळाकरांनी आठवून पाहिलं. म्हणाले होते. अगदी याच शब्दांत म्हणाले होते. जिनं मिठागरात पाट्या वाहून त्यांना शिकवलं, तिच्या डोळ्याचं रडगाणं त्यांना नको झालं होतं. कारण फोनमुळे वाचनात खंड पडायचा. मुलगा समोर स्वच्छ चेहऱ्यानं मोजे काढत होता. त्याच्या त्या स्वच्छपणाची त्यांना किळस आली, आणि मग लगेच कळलं की हा चेहरा आपलाच आहे. चहा आला. त्यांनी कप तसाच परत ओट्यावर नेऊन ठेवला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं ते रोह्याला निघाले. खांब गावचा थांबा येईपर्यंत त्यांनी मनात चार वाक्यं रचली आणि चारही पुसली. 'यंत्र बिघडलं होतं' हे त्यातलं सगळ्यात सोपं होतं. त्याचीच सगळ्यात जास्त घाण वाटली.

अष्टमीच्या खोलीत हौसा काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसली होती. शेजारी याकूबची बायको अजीजा पेज ढवळत होती. दवाखान्याचा कागद उशाशी होता. सोबत आलेलं माणूस: अजीजा. नातं: बहीण.

"कोन हाय गो?" हौसानं विचारलं.

"पेनहून भाऊ आलाय तुजा," अजीजा म्हणाली. "आता सवड झाली त्याला."

"गप गो. तो काय रिकामा हाय? बस रे कमल्या. जेवलास?"

कमळाकर बसले. "बाय, तुझे फोन..."

"लागले ना. केकाटायचं लय, पन लागायचे. मी त्याच्यातच बोलून टाकायची. म्हटलं, तू मागं असशील, आईकत असशील. डोल्याची तारीख बी सांगितली तुला. दोनदा सांगितली."

अजीजानं पेजेचं भांडं मुद्दाम जोरात खाली ठेवलं.

"नाही ऐकलं मी, बाय." कमळाकरांना आपलाच आवाज परका वाटला. "यंत्र बिघडलं नव्हतं. तुझा फोन येऊ नये म्हणून तसं केलं होतं. मीच म्हणालो होतो तसं. पोरानं केलं, पण म्हणालो मी."

बाहेर पुलावरून एक ट्रक खडखडत गेला. हौसानं काळा चष्मा काढला, पदरानं हळूच पुसला आणि मांडीवर ठेवला. उघडा डोळा लाल, पाणावलेला होता. तो त्यांच्याकडे वळला नाही.

"औषीध घालायची येल झाली," ती म्हणाली. "अजीजा, त्याच्याकडं दे. चष्मा हाय त्याला, दिसल."

अजीजानं बाटली दिली, पण लगेच सोडली नाही. मग सोडली.

हौसानं मान मागे टाकली. कमळाकर वाकले. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा कानाकडे ओघळला. हौसानं डोळा मिटला नाही. तिनं चाचपडत त्यांचं मनगट धरलं, घट्ट, आणि डोळ्यावर आणून थांबवलं.

"आता सोड," ती म्हणाली.