हात तेवढा राहिला

दीपेश शिडीवर चढला आणि त्याने फ्लेक्सवरच्या मितेशच्या तोंडावर प्रायोजकाच्या हॉटेलचे स्टिकर डकवले. एक कोपरा वाऱ्याने उडत होता, तो त्याने तळहाताने दाबून बसवला. खाली उभ्या असलेल्या लवूने डोळे बारीक करून वर पाहिले. रेडी गावच्या स्पर्धेत चषक जिंकलेली अख्खी टीम फ्लेक्सवर हसत होती. मधोमध कप्तान विनीत होता, आणि त्याच्या शेजारी मानेच्या वर सुरमईची थाळी.

"सरळ बसला काय ओ काका?" दीपेशने वरून विचारले.

"बसला," लवू म्हणाला. "आता एक तुझ्या तोंडाक पण लाव."

हसावे की नाही ते दीपेशला कळेना. शिडी खांद्यावर घेऊन तो पुढच्या फ्लेक्सकडे चालू लागला. लवू तिथेच थांबला. स्टिकर तोंडापुरतेच होते. चषक धरलेला मितेशचा डावा हात, आणि छातीशी घेतलेला, बोटांपासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला उजवा हात तसाच उघडा राहिला होता. ती पट्टी लवूनेच बांधली होती.

खाजणवाडी फुटबॉल क्लबचा पहिला गोलकीपर लवू. भात कापून झाले की मळ्यातल्या ढेकळांवर फळी फिरवायची आणि त्यावर खेळायचे, हे त्याच्या पोरवयात सुरू झाले. आता मळ्याला मंडप असतो, माइक असतो, पाहुणे असतात. पण पहिल्या सामन्याआधी देवाला गाऱ्हाणे घालायचा मान अजून लवूच्याच घराकडे आहे. तो हातात नारळ धरून सगळ्यांच्या वतीने एकेक मागणे बोलतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. गावाने होय म्हटल्याशिवाय मागणे देवापर्यंत पोचत नाही, असे त्याचा बाप सांगायचा.

क्लबचे अध्यक्ष जितेंद्र मोटारसायकल लावून आले. मुंबईतून निवृत्त होऊन आल्यापासून क्लब त्यांच्याकडे होता, आणि क्लबच्या कामाचे बोलताना ते नेहमी शुद्ध बोलत.

"काका, आज गाऱ्हाण्यात एक वाक्य घ्यायचं आहे. एका व्यक्तीच्या चुकीमुळे क्लबच्या नावाला लागलेला डाग धुऊन निघू दे, एवढंच. नाव घेऊ नका. प्रायोजक येणार आहेत, पेपरवाले येणार आहेत. आपली प्रतिमा सावरायला हवी."

"कोणा व्यक्तीच्या?"

"केस कोणावर आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

"गाडी कोण चलवत हुतो, ताय सगळ्यांका म्हायती आसा. आणि गाडी तुझी, जितू."

जितेंद्रने आजूबाजूला पाहिले आणि त्यांची शुद्ध भाषा गळून पडली.

"काका, हळू बोला मरे. विनीताक गोव्याच्या क्लबात बोलवणा इला हा. गावातलो एक पोरगो वर जाता, तेचा वाटोळा करूचा काय?"

"आणि दुसऱ्याचा केलास ता?"

"मितेशचा मी बघतंय. केस मिटली की परत घेऊ तेका." मग घसा साफ करून ते पुन्हा अध्यक्ष झाले. "वाक्य तेवढं लक्षात ठेवा."

लवूच्या अंगाची लाहीलाही झाली. डाग म्हणे. वाडीतली तुळसा त्या दिवशी अंधार पडल्यावर मासे विकून रिकामी पाटी घेऊन रस्त्याच्या कडेने घरी चालली होती. त्याच दिवशी रेडीच्या फायनलमध्ये शेवटची पेनल्टी अडवताना मितेशचे मनगट गेले होते. पट्टी बांधताना पोरगा ओठ चावून बसला होता. नंतर हॉटेलात सगळे जेवायला बसले तेव्हा त्याला वडा मोडता येईना, म्हणून शेजारी बसलेल्या विनीतने मोडून घास भरवला आणि सगळी टीम हसली. विनीतच्या पोटात तोपर्यंत बियर गेली होती. जितेंद्रची चारचाकी गाडी घेऊन तो मितेशबरोबर पुढे निघाला, आणि वळणावर तुळसाला धडक बसली.

पोलीस ठाण्यात जितेंद्र मितेशला बाजूला घेऊन बसले. तू पिऊक नाय, तुझ्याकडे लायसन आसा, नाव तेवढा दी, दंडावर सुटशीत, क्लब तुका सोडूचो नाय. मितेशने नाव दिले. हवालदाराने त्याची सही घेतली, आणि उजवा हात पट्टीत होता म्हणून डाव्या हाताने घेतली. गाडी चालवायला तोच उजवा हात कसा चालला, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही.

मग पेपरात आले, की विजयी संघाच्या गोलकीपरने मासेवालीला उडवले. पाठोपाठ मोबाइलवर फिरू लागले. शिरोड्याच्या सामन्यात आपली पोरे मैदानात उतरली तशी बाहेरून आरोळी आली, "गाडी इली, बाजूक व्हा." हॉटेलवाल्या प्रायोजकाने फोन केला, की केस असलेला माणूस माझ्या नावाची जर्सी घालता कामा नये. कमिटी बसली आणि मितेशला काढून मोकळी झाली. ज्या क्लबसाठी त्याने अंगावर घेतले, त्याच क्लबला तो आता शोभेनासा झाला. लवू कमिटीसमोर बोलला, देवळाजवळ बोलला, चहाच्या टपरीवर बोलला. लोक मान हलवायचे, खरे आहे म्हणायचे आणि चहा संपवून निघून जायचे.

जेवण झाल्यावर तो तुळसाकडे गेला. ती पडवीत खाटेवर होती, प्लास्टरमधला पाय उशीवर. शेजारी स्टुलावर स्टीलचा डबा होता.

"कसो आसा गो पाय?"

"आसा तसोच. डॉक्टर म्हणता शिमग्यापर्यंत उठाक नको." तिने डब्याकडे पाहिले. "पेज खातलंस? गरम आसा अजून."

"पेजेचो डबो कोण हाडता?"

तुळसाने झाकणाकडे बोट केले. लवूने डबा उचलून फिरवला. झाकणावर बारीक अक्षरात कोरले होते, सौ. यशोदा. विनीतची आई. लवूने डबा जागेवर ठेवला.

"काय बोलता?"

"बोलणा नाय. भरलेलो ठेयता, रिकामो घेता, जाता."

"तू काय इचारूक नाय तिका?"

"काय इचारू? माका गाडयेच्या उजेडाशिवाय काय दिसाक नाय, लवूभाऊ. पण रोज पेज कोण उगाच हाडता?" ती प्लास्टरच्या कडेने बोट आत घालून खाजवू लागली. "तिची नजर वर होणा नाय. माकाच वायट दिसता."

लवू उठला. मग नारळ घ्यायला घरी गेला.

ऊन कलले तशी मळ्यात गर्दी झाली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मंडपात पाहुणे आणि मधे फुलांचा हार घालून ठेवलेला चेंडू. दोरीच्या बाहेर, माडाला टेकून, मितेश उभा होता. साध्या शर्टात, उजवा हात अजून पट्टीत.

"आत ये," लवू त्याला म्हणाला.

"नको काका. फोटोत येतंय म्हणून मघाशी जितूकाकान हय उभ्या केल्यान."

"भरतीचा काय झाला?"

मितेश पोलीस भरतीसाठी गेले वर्षभर पहाटे समुद्रावर पळत होता. "केस आसा तोपर्यंत घेणत नाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि लवूला त्याचाच जास्त राग आला. बावीस वर्षांच्या पोराला राग यायचाही बंद झाला होता. "तुमी काय बोला नको, काका. विनीत जाव दे एकदा. मगे बघूया."

माइकवरून लवूचे नाव पुकारले गेले. चप्पल काढून तो चेंडूजवळ गेला. खेळाडू ओळीने उभे राहिले, पहिला विनीत, दंडाला कप्तानाची पट्टी. मंडपातले पाहुणे उठले. बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराने टोपी काढून काखेत धरली. तोच हवालदार होता. लवूने नारळ दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, खाजणवाडीच्या राखणदारा. आज ह्या मळ्यात तुझी जी लेकरा जमली हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोण मुंबयसून इलो, कोण गोव्यासून इलो. इल्या वाटेन तेंका बरे परत ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"खेळात कोणाचो हात मोडा नको, पाय मोडा नको, मनात वाकडा येव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आवाज आता एका सुरात यायला लागला होता. दरवर्षी असाच येई. मागणे काय, हे नीट ऐकायच्या आधीच तोंडातून होकार निघे.

"आमच्या तुळसाचो पाय सांधान येव दे. तिची पाटी पुन्ना तिच्या डोक्यार येव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." मंडपात जितेंद्रने मान वर केली.

"आणि आमच्या मितेशचो हात. त्या दिवशी रेडयेक ज्या हातान शेवटचो गोल अडवल्यान. आणि मगे ज्या हातात वड्याचो घाससुद्दा धरूक येय नाय हुतो, दुसऱ्यान भरवलो, तो हात बरो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हा होकार सगळ्यांत मोठा आला. ती पेनल्टी कोणी विसरले नव्हते. त्यात हवालदाराचा आवाज होता, पाहुण्यांचा होता, आणि विनीतचा होता, अगदी मोकळ्या गळ्याने.

लवू थांबला. माइकमधून नुसता वारा ऐकू येत राहिला. त्याने डोळे उघडले तेव्हा लोक एकमेकांकडे बघत होते. मग कोणीतरी फ्लेक्सकडे पाहिले, आणि त्याचे बघून बाकीच्यांनी. वर थाळी, आणि थाळीखाली पांढऱ्या पट्टीतला हात. हवालदाराने टोपी एका काखेतून काढून दुसऱ्या काखेत घेतली.

"त्याच हातान त्याच दिवशी गाडी चलवल्यान, असा कागद सांगता," लवू आवाज न चढवता म्हणाला. "कागद खोटो आसा. ता ह्या सगळ्यांका म्हायती आसा, आणि ह्यांनी ता आत्ताच तुका सांगितल्यानी. आता खरा काय ता, जो गाडी चलवत हुतो तेच्याच तोंडातसून येव दे रे म्हाराजा."

या मागण्याला होकार आला नाही.

प्रायोजकाने शेजारच्या माणसाला काहीतरी विचारले. जितेंद्र मंडपातून उतरून लवूच्या मागे येऊन उभे राहिले.

"काका, नारळ फोडा," ते दातांतल्या दातांत म्हणाले. "पाहुणे उभे आहेत."

"गावान व्हय म्हणूक नाय अजून."

"काका, क्लबाची अब्रू जायत ओ."

"अब्रू वळणार गेली, जितू. तुझ्याच गाडयेखाली."

हे माइकमधून सगळ्या मळ्याला ऐकू गेले. जितेंद्र माइक काढून घ्यायला पुढे झाले, आणि मग गाऱ्हाणे चालू असताना माइकला हात कसा लावायचा, म्हणून तसेच थांबले. ओळीतली पोरे पायाखालचे ढेकूळ बुटाने फोडत होती. विनीत हार घातलेल्या चेंडूकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लवूने या पोराला चेंडू छातीवर कसा घ्यायचा ते शिकवले होते, आणि आता त्याला वाटत होते की पुढे जाऊन याच्या एक मुस्काटात द्यावी. त्याने नारळ घट्ट धरला.

"व्हय म्हाराजा."

आवाज एकाच माणसाचा होता, आणि बाईचा होता. खाजणवाडीत गाऱ्हाण्याला बायका हात जोडतात, होकार द्यायचे काम पुरुषांचे. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. यशोदा पुढच्या रांगेत उभी होती. हातात कापडी पिशवी होती, आणि पिशवीतून तुळसाच्या घरून आणलेल्या रिकाम्या डब्याचे झाकण दिसत होते. तिने ना देवाकडे पाहिले ना लवूकडे. नजर वर करून ती आपल्या मुलाकडे बघत होती.

मग पुरुषांच्या बाजूने एक आवाज आला, त्याच्यामागे दुसरा, आणि हळूहळू बरेच. हवालदारही टोपी हातात धरून, खाली बघत "व्हय म्हाराजा" म्हणाला. दोरीबाहेर मितेश माडाचा टेका सोडून सरळ उभा राहिला होता.

आता नारळ फोडायला हरकत नव्हती. जितेंद्रने तसे पुन्हा सांगितलेही. लवूने पुन्हा डोळे मिटले आणि नारळ हातात तसाच धरून ठेवला. खेळाडूंच्या ओळीतून, पहिल्याच जागेवरून, अजून एक आवाज यायचा होता.